डावीकडून दुसरा

"जरा सरका. सावली पडतेय."

ती स्टेजवर गुडघे टेकून बसली होती. एका हातात पिवळ्या चिकटपट्टीचं रीळ, दुसऱ्या हातात मोजायची टेप. वर बघायला फुरसत नव्हती. तिला फक्त दोन बूट दिसत होते, आणि ते नेमके तिच्या उजेडात उभे होते.

बूट सरकले. "आता?"

"आता बरं. आलाच आहात तर हे टोक धरा. त्या भिंतीला लावा... वर नाही, खाली. अगदी खाली. हं."

बुटांच्या मालकानं मुकाट्यानं टोक धरलं. त्याच्या खांद्यावर कपड्यांची लांब पिशवी लटकत होती. म्हणजे हा शिंप्याकडचा माणूस, असं तिनं ठरवून टाकलं. शिंप्याकडच्या माणसाला इतके चांगले डोळे कशाला हवेत, असंही मनात येऊन गेलं. पण कामाच्या वेळी कुणाच्या डोळ्यांकडे बघायची तिची रीत नव्हती.

"गायकाला कपडे घालून पाहिलेत?" तिनं विचारलं.

"पाहिलेत."

"उंच आहे?"

"माझ्याएवढा."

"आणि नखरे?"

त्यानं टेपचं टोक भिंतीला नीट दाबलं. "आहेत थोडेफार. रेडिओवर स्वतःचं गाणं लागलं की बंद करतो म्हणतात."

"का?"

"लाजत असेल."

"लाजणारा गायक! मग झालाच म्हणायचा कार्यक्रम," ती म्हणाली आणि पट्टीचा तुकडा तोडायला कात्री शोधू लागली. त्यानं रीळ तिच्या हातातून घेतलं, पट्टी दातानं तोडली आणि तुकडा तिच्या बोटावर अलगद चिकटवून दिला. बोट तिचं होतं, पट्टी तिची होती, तरी उगीचच तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

तेवढ्यात हॉलच्या मागच्या दारातून नाचाचे मास्तर टाळ्या वाजवत आत आले. "अरे वा! आमचे हिरो वेळेच्या आधी हजर?"

तिनं हिरो कुठे आहे ते बघायला मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मग तिनं पुढे पाहिलं. शिंप्याकडचा माणूस टेपचं टोक धरून तसाच उभा होता आणि हसू दाबता दाबता त्याचे खांदे हलत होते.

"पट्टी मात्र सरळ लावतात हं ह्या," तो मास्तरांना म्हणाला.

धरणी दुभंगली असती तर ती टेपसकट आत गेली असती.

---

आता तिनं त्याला ओळखलं कसं नाही, हे विचारण्यासारखंच आहे. कारण त्या पाच पोरांच्या बँडला न ओळखणारं माणूस शोधायचं तर कंदील घेऊन फिरावं लागलं असतं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. सहा वर्षं पाचामुखी त्यांचंच गाणं होतं. प्रत्येक कॉलेजात, प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक रिक्षात. मग दीड वर्षापूर्वी बँड फुटला. एक सिनेमात गेला, एक परदेशी शिकायला, एकानं लग्न करून सासऱ्यांचा धंदा सांभाळला, एकानं गाणंच सोडलं. उरला हा. पाचांत सगळ्यात कमी बोलणारा. त्याला आता एकट्यानं गायचं होतं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता, याच हॉलमध्ये. गाणी काढणाऱ्या कंपनीच्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, की लोकांनी उचलून धरलं तर आठ गाण्यांचा अल्बम निघेल. नाही धरलं, तर ती आठ गाणी त्यानं आपली आपल्याला म्हणावीत.

आणि ती? ती स्टेजची मुलगी. कोणी कुठे उभं राहायचं त्या खुणा ती फळ्यांवर लावायची आणि कार्यक्रम चालू झाला की विंगेतून कानातल्या यंत्रावर सगळ्यांना इशारे द्यायची. दिवा, पडदा, बाजा, सगळं तिच्या "गो" शब्दावर हलायचं. मोजल्याशिवाय ती पाऊल टाकत नाही म्हणून हॉलवर सगळे तिला फुटपट्टी म्हणत. तो दुसऱ्याच दिवशी म्हणायला लागला.

"फुटपट्टी, माझी खूण कुठे?"

"मधोमध. डावीकडच्या विंगेतून निघायचं. प्रेक्षकांची डावी बरं का, तुमची नाही. मी उभी असते त्या बाजूनं. अंधारात चालत यायचं, बरोबर अकरा पावलं. वरून एकच झोत पडेल, तो घट्ट बांधलेला आहे, हलणार नाही. तुम्ही हलायचं."

"अकरा. सोप्पं आहे."

आणि पहिल्या तालमीत तो आठव्या पावलावर थांबला. झोत रिकाम्या फळ्यांवर पडला, आणि तो त्याच्या तीन पावलं अलीकडे, अंधारात उभा राहून मनापासून गात होता.

सगळे हसले. पुन्हा केलं. पुन्हा आठ. चहा घेऊन केलं, चहा न घेता केलं, मास्तरांनी मागून ढकलून पाहिलं. ढकललं की तो अकराव्यावर जाई, दोन ओळी म्हणे, आणि तिसऱ्या ओळीला हळूच डावीकडे सरकू लागे. लाइटवाले काका वरच्या खोलीतून यंत्रावर करवादले, "फुटपट्टी, त्या पोराला सांग, मी फळ्या उजळायला बसलेलो नाही."

---

"सहा वर्षं," तो म्हणाला. चौथ्या दिवशीची गोष्ट. हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर दोघं चहाचे पेले घेऊन बसले होते. "सहा वर्षं मी डावीकडून दुसरा. मधोमध आमचा मोठा उभा राहायचा. माझ्या दोन ओळी झाल्या की बाजूला व्हायचं, पुढच्याला जागा द्यायची. आता पुढचा कुणी नाही, हे डोक्याला कळतं. पायांना कोण सांगणार?"

"भीती वाटते?"

"पाच जणांत एक सोय असते. चुकलं तर एक पंचमांश चुकतं." तो पेल्यात बघत राहिला. "आता चुकलं तर सगळंच्या सगळं माझं. आणि... तुम्ही आम्हाला ऐकायचात ना? खरं सांगा, मी आठवतो तुम्हाला?"

आता खोटं बोलावं तर पंचाईत आणि खरं बोलावं तर त्याहून पंचाईत. तिनं डोळे मिटून खरं सांगून टाकलं.

"आमच्या घरी तुमचं पोस्टर आहे. धाकट्या बहिणीनं लावलेलं, कपाटाच्या दारावर. चार जण झक्क दिसतात. तुमच्या... तुमच्या तोंडावर कपाटाची कडी आहे."

तो तिच्याकडे बघतच राहिला.

"घरात तुम्हाला कडीवाला म्हणतात," ती घाईघाईनं म्हणाली. "प्रेमानं म्हणतात. म्हणजे, रोज सगळ्यांचा हात लागतो तुम्हाला..."

आणि मग तो हसत सुटला. पेल्यातला चहा हिंदकळून पायरीवर सांडला तरी हसत राहिला. डोळे पुसले, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा हसला. त्याच्याबरोबर तीही हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं, की हा माणूस आपल्याला आवडायला लागलाय. छे, लागलाय काय, लागून चार दिवस झालेत.

"मला ते कपाट बघायचंय," तो म्हणाला.

"काहीतरीच."

"अहो, तोंड माझं आहे. एकदा भेटून येतो."

---

रविवारी दुपारी तो खरंच आला. धाकट्या बहिणीनं दार उघडलं आणि वळून आत ओरडली, "ताई, कडीवाला आलाय!" आणि मग आपण काय बोललो ते कळून स्वयंपाकघरात पळाली, ती तोंड धुऊन, केस विंचरूनच बाहेर आली.

बाबा सुतार होते. कपाट त्यांनीच केलेलं. त्यांनी पाहुण्याला खुर्चीवर बसवलं, दोन मिनिटं त्याच्या चेहऱ्याकडे आणि दोन मिनिटं कपाटाकडे निरखून पाहिलं. मग पेचकस आणून कडी काढली.

कडीमागून तो बाहेर आला. सहा वर्षांपूर्वीचा, केस कपाळावर आलेले, गालावर आणि हनुवटीवर स्क्रूची दोन भोकं.

"बरा दिसत होतास की रे," बहीण म्हणाली. त्यासरशी तिच्या डोक्यावर ताईची टपली पडली.

"पण बाबा, कडी इतकी खाली का लावलीत?" त्यानं विचारलं. बाबा हा शब्द त्याच्या तोंडून इतका सहज आला, की तिनं उगीचच टेबलावरचा पेला उचलून दुसरीकडे ठेवला. "कपाटाची कडी वर असते ना, मधोमध?"

"मापानं लावली तर मधोमधच येते," बाबा म्हणाले. "मी मापानं लावत नाही. दार बसवलं की घरातल्यांना म्हणतो, उघडा बघू. ज्याचा त्याचा हात कुठे जातो ते बघतो आणि तिथं खूण करतो. हात चुकत नसतो. कडी चुकते."

निघताना ती त्याला रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली. कोपरा आला, तो गेला नाही. दुसरा कोपराही आला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तू मला अहो-जाहो करणं कधी सोडणार?"

"तुम्ही अकराव्या पावलावर उभे राहाल तेव्हा," ती म्हणाली आणि मागे न बघता घराकडे वळली. मागे बघितलं असतं तर तिचं हसू सगळ्या रस्त्याला दिसलं असतं.

---

शुक्रवारी शेवटची तालीम झाली. आठ पावलं.

मास्तरांचा पारा चढला, पण हिरोवर ओरडायची सोय नव्हती. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. "खूणच नीट दिसत नाही, तर तो बिचारा काय करणार? उद्या हे असं झालं ना, तर सोमवारपासून मी दुसरी मुलगी बघतो."

ती खाली मान घालून पट्टी गुंडाळत राहिली. या कामासाठी तिनं तीन वर्षं फळ्या पुसल्या होत्या. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला स्वतःची काळजी दुसरी होती, पहिली त्याची. उद्या सात वाजता हा अंधारात उभा राहून गाईल, लोक हसतील, आणि आठ गाणी पेटीत जातील.

तो काहीतरी बोलायला तिच्याकडे येत होता. पण कंपनीच्या बाईंनी त्याला मध्येच हाक मारली, आणि तो गेला. जाताना त्यानं एकदा खुणेकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

रात्रभर तिच्या डोक्यात कपाटाची कडी वाजत होती. हात चुकत नसतो, कडी चुकते.

शनिवारी दुपारी ती लाइटवाल्या काकांसमोर जाऊन उभी राहिली. "काका, तो झोत तीन पावलं डावीकडे बांधायचा."

"मास्तरांना विचारलंस?"

"नाही."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. नोकरीची चाळीस वर्षं आणि घरात तीन मुली, एवढ्या अनुभवावर त्यांना फारसं विचारावं लागत नसे. "शिडी धर," ते म्हणाले.

झोत हलला. तिनं मधली पिवळी खूण खरवडून काढली आणि आठव्या पावलावर नवी लावली. त्याला सांगावं का? ती मेकअपच्या खोलीपर्यंत जाऊन परत आली. सांगितलं तर त्याचे पाय विचार करायला लागतील, आणि विचार करणारे पाय कुठे जातील त्याचा नेम नाही. नकोच.

---

सात वाजले. हॉल खच्चून भरला होता. पहिल्या रांगेत कंपनीच्या बाई, रेडिओवाले, आणि सातव्या रांगेत बाबा, धाकटी बहीण. बहिणीच्या हातात एक गुंडाळी होती, तिच्यात काय आहे ते फक्त घरच्यांना ठाऊक.

तो विंगेत तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. निळा कोट, गळ्याशी घाम. तिनं त्याच्या कॉलरची घडी नीट केली. ते तिचं काम नव्हतं.

"बघ तू आज," तो कुजबुजला. डोळे असे चमकत होते, जणू खिशात काहीतरी लपवून आणलंय.

"तुम्ही बघा आज," तीही कुजबुजली.

"दिवे... गो."

काळोख झाला. हॉल एकदम शांत झाला. तो निघाला. ती श्वास रोखून त्याच्या बुटांचा आवाज मोजत होती. पाच. सहा. सात. आठ...

नऊ.

दहा. अकरा. बूट थांबले.

"झोत... गो," ती म्हणाली, कारण आता दुसरं काही म्हणण्यासारखं उरलंच नव्हतं.

झोत पडला. आठव्या पावलावर, पिवळ्या खुणेवर, रिकाम्या फळ्यांवर. आणि त्याच्यापुढे तीन पावलं, गडद अंधारात, तो उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा, बरोबर मधोमध.

मास्तरांनी समोरच्या विंगेत कपाळावर हात मारला. वाजवणाऱ्यांनी सुरुवात करून टाकली होती. लोकांत चुळबूळ झाली, कुणीतरी खुदकन हसलं.

अंधारातल्या त्या आकृतीनं उजेडाकडे पाहिलं. मग मान वळवून डाव्या विंगेकडे पाहिलं. तिनं पडद्याच्या कडेबाहेर येऊन दोन्ही हात जोडले आणि मग त्याच हातांनी खूण केली: ये. इकडे ये.

आणि तो हसला. अंधारात हसू दिसत नाही, पण माइक हातात होता, ते ऐकू आलं. सगळ्या हॉलला ऐकू आलं. त्या हसण्यातूनच त्यानं पहिली ओळ उचलली, अंधारातूनच, आजवर तिनं ऐकली नव्हती इतक्या मोकळ्या आवाजात. लोक गप्प झाले. दुसऱ्या ओळीला एक पाऊल, मग आणखी एक. तिसरी ओळ आली, जिथे तो सहा वर्षं बाजूला होत आला होता. त्या ओळीवर तो उजेडात शिरला.

हॉल उठून उभा राहिला. लोकांना वाटलं हे असंच ठरलेलं होतं. समोरच्या विंगेतले मास्तर क्षणभर बावरले आणि मग शेजारच्याला सांगू लागले, की ही कल्पना त्यांचीच. सातव्या रांगेत धाकट्या बहिणीनं गुंडाळी उलगडून डोक्यावर धरली. पाच पोरं, आणि डावीकडून दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दोन भोकं.

---

पहिलं गाणं संपलं. दिवे गेले. दुसरं गाणं सुरू व्हायला चाळीस सेकंद होते, गिटार बदलायला आणि पाणी प्यायला. तो धावतच विंगेत आला. बाहेर टाळ्या थांबत नव्हत्या.

"तू झोत हलवलास?" त्याला धाप लागली होती.

"तू अकरा पावलं कशी गेलास?" तिच्या तोंडून तू निघून गेलं होतं. दोघांनाही ते कळलं.

"काल घरी गेल्यापासून घोकतोय. डोळे मिटून, व्हरांड्यात, अकरा, अकरा, अकरा. आईला वाटलं डोकं फिरलं. अगं, मास्तर तुला काढणार होते!"

"आणि तू अंधारात राहणार होतास!"

तिचं हसू ओठांवर आलं आणि डोळ्यांत पाणी आलं, कशाला आधी वाट द्यावी ते तिला कळेना.

"पंधरा सेकंद," ती म्हणाली. "पाणी पी."

"पीत नाही. ऐक." त्यानं तिचा हात धरला, रिळासकट. "पहिले चार दिवस सवय होती. ती पाचव्या दिवशी मोडली. त्यानंतर मी आठव्याला थांबत होतो, कारण... त्यापुढे गेलं की तू दिसत नाहीस. पडदा आड येतो." तो श्वास घ्यायला थांबला. "मला डावीकडून दुसराच राहायचंय. पण दुसरा व्हायचं तर डावीकडे पहिलं कुणीतरी लागतंच ना. तू राहशील?"

तिच्या कानात लाइटवाले काका खाकरले. "फुटपट्टी, सगळे थांबलेत. माझे हात दुखले. काय ते सांग आणि इशारा दे."

तिनं रीळ त्याच्यापुढे धरलं. त्याला आधी समजलं नाही, मग समजलं. त्यानं दातानं एक तुकडा तोडला, मग दुसरा, आणि तिच्या बोटावर चिकटवून दिले. ती खाली वाकली. तिथंच, विंगेच्या फळीवर, जिथून आठवं पाऊल नीट दिसतं त्या जागी, तिनं पिवळी फुली मारली आणि तिच्यावर दोन्ही पाय टेकून उभी राहिली. आजवर सगळ्या जगाच्या जागा ठरवल्या होत्या, स्वतःची पहिल्यांदाच.

"आठ पावलं," ती म्हणाली. "एकही जास्त नाही."

तो अंधारात निघाला. तिनं यंत्राचं बटण दाबलं, सात मोजले, आठ मोजले, आणि म्हणाली, "गो."